अकरा तांबे

आमच्या गावातली एक आजी हरिनाम सप्ता संपल्यापासून एकच वाक्य म्हणत होती, "ह्यो तांब्या माझा न्हाई." घरच्यांनी आधी समजूत काढली, मग चिडले, आणि चौथ्या दिवशी तिच्या डोक्यावर परिणाम झाला आहे असं ठरवून मोकळे झाले. शुक्रवारी तिला नांदेडला धाकट्या मुलाकडे कायमचं पोचवायचं ठरलं, कारण असं भ्रमिष्ट माणूस घरी एकटं ठेवून शेतात जाणार कसं? चूक मात्र आजीची नव्हती. माझ्या सोळा ओळींची होती.

मी माहेरची वसमतची. हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावपासून जीपनं वीस मिनिटांवर असलेल्या या गावात लग्न होऊन आले, तेव्हा पुण्यातल्या एका ऑफिसचं काम सोबत घेऊन आले. माडीवरच्या खोलीत खिडकीजवळ नेट बरं मिळतं, तिथं बसून मी दिवसभर जावास्क्रिप्ट लिहिते. गावात माझी ओळख 'दार लावून बोटं चालवणारी सून' अशी आहे. सासूबाईंना कोणी विचारलं, की त्या म्हणायच्या, "काय तरी करून राहती बाई, पैसे येतात बराबर." यापेक्षा जास्त त्यांना माझ्या कामाचं सांगता आलं नाही, आणि मीही कधी नीट सांगितलं नाही. आपलं काम कोणाला कळत नाही याची कुरकुरही करायची आणि समजावून सांगायचा कंटाळाही करायचा, हा माझा जुना दोष.

त्यामुळे सप्त्याच्या मंडळातले काका लोक या वर्षी माझ्याकडे आले, तेव्हा मी जरा फुगलेच. आदल्या वर्षी काल्याच्या जेवणाला थर्माकोलच्या पत्रावळ्या आणल्या होत्या. त्या वाऱ्यानं उडून पार वाळत घातलेल्या हळदीपर्यंत गेल्या, गुरांनी खाल्ल्या, दोन जनावरं आजारी पडली. म्हणून यंदा घरोघरची भांडी गोळा करायचं ठरलं. ताटं, वाट्या, तांबे, पराती, सगळं प्रत्येकानं आपापलं आणून द्यायचं आणि जेवणं झाल्यावर परत न्यायचं. पूर्वी असं करायचे तेव्हा वहीत लिहायचे, आणि दर वेळी कोणाची तरी परात दुसऱ्याच्या घरी सापडायची. त्यावरून दोन घरांची बोलचाल तीन वर्षं बंद होती. "तुमच्या कम्प्युटरवर यादी करा," मंडळाचे म्हातारे अध्यक्ष म्हणाले, "मंजे भानगड नको."

मी लॅपटॉप घेऊन मारुतीच्या पारावर बसले. दोन मुली भांडं हातात घेऊन ओरडायच्या आणि मी लिहायची: वस्तू कोणती, धातू कोणता, वर नाव काय घातलंय, आलं कोणाच्या घरून. प्रत्येक भांड्याची एक चिठ्ठी समजा. जावास्क्रिप्टमध्ये अशा चिठ्ठीला ऑब्जेक्ट म्हणतात, आणि अशा सगळ्या चिठ्ठ्या एका दोऱ्यात ओवल्या की त्याला अ‍ॅरे म्हणतात. दुपारपर्यंत माझ्या दोऱ्यात चारशे बारा चिठ्ठ्या झाल्या.

मंडळाला चारशे बारा ओळी नको होत्या. एका कागदावर बसेल असं काहीतरी पाहिजे होतं. मंजे सारख्या वस्तू एकत्र करून त्यांची संख्या. असलं काम मी ऑफिसात आठवड्याला दोनदा करते, त्यामुळे माडीवर जाऊन चहा थंड व्हायच्या आत सोळा ओळी लिहिल्या. पहिल्या फेरीत मात्र सगळ्याच वस्तूंची संख्या एक आली. मी कपाळाला हात लावला. नवशिक्यांची चूक मीच केली होती. जावास्क्रिप्टला दोन ऑब्जेक्ट दिले आणि हे सारखे का असं विचारलं, तर आत अक्षर न् अक्षर सारखं असलं तरी ते नाही म्हणतं. त्याच्या लेखी ही चिठ्ठी वेगळी, ती चिठ्ठी वेगळी, मजकुराशी त्याला देणंघेणं नाही. मग आपण त्याला भरीला पाडायचं असतं. वस्तू, धातू आणि नाव हे तीन शब्द जोडून एक ओळ बनवायची, ती ओळ ओळख म्हणून वापरायची, आणि ओळख जुळली की संख्या एकानं वाढवायची. घराचा शब्द मी त्या ओळीत घेतला नाही. घेतला असता तर गठ्ठे बारीक झाले असते आणि यादी पुन्हा लांबली असती. शिवाय भांड्यावर नाव असतंच की, घर कशाला लागतं, असं मला वाटलं.

चारशे बारा ओळींच्या त्रेसष्ट झाल्या. मी स्वतःवरच खूश होऊन कागद छापायला गोरेगावला पाठवला.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला पाहिजे, कारण सगळं तिच्यावरच अडलं. घरात माणूस गेलं की वर्षश्राद्धाला त्याच्या नावाची भांडी वाटतात. तांब्या, ताट, डबा, ज्याची त्याची ऐपत. त्यावर गेलेल्या माणसाचं नाव आणि 'यांच्या स्मरणार्थ' असं ठोकून घेतात, आणि भावकीतल्या जेवढ्या लेकीबाळी दुसऱ्या गावांत नांदतात त्या सगळ्यांना एकेक देतात. माझ्या सासूबाईंचे वडील गेले तेव्हा सासूबाईंच्या भावांनी स्टीलचे तांबे वाटले होते. सासूबाईंच्या माहेरगावच्या अकरा लेकी आमच्या गावात दिलेल्या आहेत. एक माझ्या सासूबाई, एक ही आजी, मंजे सासूबाईंची सख्खी आत्या, आणि बाकी नऊ चुलत नात्यातल्या. गेलेला माणूस एकीचा बाप, एकीचा भाऊ, उरलेल्यांचा कोणी ना कोणी. तांबे एकाच दुकानातले, एकाच मापाचे, नाव एकाच माणसाचं. सप्त्याला अकराही जणींनी ते दिले, आणि माझ्या कागदावर एक ओळ उमटली: तांब्या, स्टील, अमुक यांच्या स्मरणार्थ, अकरा.

काल्याच्या दिवशी जेवणं छान झाली. भांडी घासून पारावर गठ्ठे लावले, प्रत्येक गठ्ठ्याची संख्या माझ्या कागदाशी जुळली. एक वाटी कमी भरली तर ती आमटीच्या पातेल्यात सापडली, इतका चोख हिशोब. ज्यांच्या भांड्यांवर त्यांच्याच घरचं नाव होतं ती लगेच गेली. स्मरणार्थवाल्यांपाशी वाटप करणारे अडले. हे अकरा कोणाचे, असं त्यांनी मला विचारलं. मी जुनी लांब यादी उघडून अकरा घरं वाचून दाखवली आणि त्यांनी प्रत्येक घरी एक तांब्या दिला. सगळे सारखेच, तेव्हा कोणता कोणाला हा प्रश्न मला पडला नाही, त्यांनाही पडला नाही. कीर्तनकार महाराजांनी माईकवरून माझं कौतुक केलं. सासूबाईंनी त्या दिवशी माझ्यासाठी वेगळी पुरणपोळी ठेवली होती, हेही खरं.

आजीच्या सूनबाई, ज्यांना मी काकू म्हणते, चौथ्या दिवशी विरजण मागायला आल्या तेव्हा मला पहिल्यांदा हे कळलं. आजींना फारसं दिसत नाही. दिवसभर दारातल्या बाजेवर बसतात, शेजारी पाण्याचा तांब्या. काल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्या तांब्या हातात घेतात, चाचपतात आणि ढकलून देतात. ग्लासात दिलं तरी पीत नाहीत. नळाखाली ओंजळ धरून पितात आणि म्हणतात, माझा तांब्या कुठं घातला? काकूंनी त्यांचं बोट धरून नावावरून फिरवलं, तुमच्या भावाचंच नाव आहे म्हणून सांगितलं. तरी तेच. "आता चालवून घेण्यासारखं न्हाई राह्यलं," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज थकलेला होता. त्या वाईट नाहीत, पहाटेपासून राबणारी बाई आहे. शुक्रवारी हिंगोलीत डॉक्टरला दाखवून तसंच पुढं नांदेडला, असा बेत होता. नांदेडची खोली चौथ्या मजल्यावर आहे आणि तिथं दारात बाज टाकायची सोय नाही, हे मला माहीत होतं.

काकू विरजण घेऊन गेल्या. अकराचा आकडा डोळ्यांसमोर आला. सासूबाईंना म्हटलं, "मामी, आजींचा तांब्या खरंच बदलला असंल तर?" त्यांनी भाजी निवडता निवडता मान हलवली. "अकराबी एकसारखे हायेत. आत्याचं वय झालं आता." मला ते ऐकून बरं वाटलं, याची मला आजही लाज वाटते. सासूबाईंनीच सांगितलं मंजे माझी सुटका. एवढ्या कौतुकानंतर गावभर फिरून माझी यादी चुकली असं सांगायची मला हिंमत नव्हती, आणि खरं तर इच्छाही नव्हती. मी माडीवर जाऊन काम करत बसले. ऑफिसच्या कोणत्या तरी यादीतले दुबार ग्राहक काढायचे होते. पुन्हा तेच, शब्द जोडा, ओळख बनवा, जुळलं की एक वाढवा. तिसऱ्या ग्राहकापाशी माझा हात थांबला आणि मी लॅपटॉप बंद केला.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, मी घरोघर फिरले. आजी आणि आम्ही सोडून नऊ घरं. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न: सप्त्याहून आलेला तांब्या तुमचाच आहे का? मला वाटलं होतं, हसतील. पहिल्याच घरातली बाई म्हणाली, "न्हाई. माझ्याला चेप हाय, ह्याला न्हाई. मी म्हणलं, सुधारला." दुसरीनं सांगितलं, तिच्या तांब्याचं बूड घासून घासून पातळ झालेलं, हा जड लागतो. तिसरी म्हणाली, कळलं होतं, पण देवाच्या कामात तांब्यावरून कोण भांडणार? नवांपैकी सात जणींना पहिल्याच दिवशी कळलेलं होतं. त्यांतली एकही बोलली नव्हती, कारण माझ्या कागदावर अकरा लिहिलेले होते आणि अकरा परत आले होते. बोलली होती ती फक्त आजी, आणि तिला आम्ही वेड्यात काढलं होतं.

मी नऊही जणींना तांबे घेऊन आजीच्या अंगणात यायला सांगितलं. सासूबाईंना आमचा घेऊन चला म्हटलं, तेव्हा त्या जरा नाराज झाल्या, पण पदर खोचून निघाल्या. आमचा तांब्या त्या रोज तुळशीला पाणी घालायला वापरतात. अंगणात काकू होत्या, आणि आजीचा मोठा मुलगा, ज्यांना मी काका म्हणते, जीपवाल्याशी फोनवर शुक्रवारची वेळ ठरवत होते. अकरा तांबे बाजेपुढं ठेवले. काकांनी फोन बाजूला धरून विचारलं, हे काय चाललंय. मी म्हटलं, "काका, यादी माझी चुकली. तांबे अदलाबदल झाले. आजींना एकदा बघू द्या." माझा आवाज नेहमीपेक्षा बारीक निघाला.

आजीनं पहिला तांब्या मांडीवर घेतला. बाहेरून चाचपलाच नाही. उजव्या हाताचं बोट तांब्याच्या तोंडातून आत घातलं आणि गळ्याखालून आतल्या बाजूनं फिरवलं. नाव बाहेरून ठोकलेलं, त्याची टिंबं आतून हाताला लागतात. आम्ही सगळे नाव बाहेरून वाचत होतो. आजीला अक्षर येत नाही, तिनं ते आतूनच पाहिलेलं. "न्हाई," ती म्हणाली आणि तांब्या बाजूला ठेवला. दुसरा, न्हाई. तिसरा, न्हाई. सातव्याला तिचं बोट एका जागी थांबलं. ते तिथंच दोनदा मागंपुढं झालं.

"ह्यो माझा."

मी हात घालून पाहिलं. तिसऱ्या अक्षराच्या शेवटच्या टिंबाशी आत मोहरीएवढी पुटकुळी होती. नाव टाकणाऱ्याचा घाव तिथं जोरात बसला असणार. आजी म्हणाली, "भाचा बदलून देतो म्हणला व्हता. म्या म्हणलं, राहू दे, हुडकायला बरं."

काकांना पटलं नाही. त्यांनी सगळे तांबे उचलले, ओट्याच्या पलीकडे नेऊन उलटेपालटे केले आणि पुन्हा एकेक तिच्या मांडीवर ठेवू लागले. या वेळी तिनं चौथ्यालाच बोट थांबवलं. मी तपासलं, तोच होता. "परीक्षा घेऊन राह्यला काय रे?" तिनं विचारलं. काकांनी उरलेले तांबे खाली ठेवले.

पहिल्या फेरीत सातवा आणि दुसऱ्या फेरीत चौथा निघाला तो तांब्या आमच्या घरून आलेला होता. सासूबाईंनी तो ओळखला, कारण बुडाला तुळशीची माती लागलेली होती. त्या आजीच्या बाजेवर टेकल्या. "पाच दिवस मी ह्योच घासून राह्यले, आत्या," त्या म्हणाल्या. "माझ्या बापाचं नाव हाय. मला कळलं न्हाई." आजीनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, तुला डोळे हायेत ना, म्हणून. बाकीच्या जणींनी एव्हाना आपापले तांबे उचलायला सुरुवात केली होती. कोणी हातात तोलून पाहिलं, कोणी उलटा करून, एकीनं बोटानं टिचकी मारून आवाज ऐकला. पाच मिनिटांत तांबे ज्याच्या त्याच्या हातात होते. चेप असलेला तांब्या परत मिळालेली बाई म्हणाली, चार दिवस सुधारलेला वापरला तेवढाच. सगळ्यांच्या शेवटी जो उरला तो सासूबाईंचा. त्यांनी तो पदरानं पुसला.

मी आजीसमोर बसून पुन्हा एकदा सांगितलं, की मी नुसतं मोजलं, कोणता कोणाचा ते ठेवलंच नाही. मला रडू येत होतं आणि ते मी लपवलं नाही. आजीनं माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड केलं.

"मोजलेलं बराबर व्हतं, पोरी. अकराच्या अकरा आले. पर मला इचारलं कोणी?"

मंजे मला एकटीला ती बोलत नव्हती. काकू खाली बघू लागल्या. काकांनी जीपवाल्याला उद्याचं राहू दे म्हणून सांगितलं, मग लगेच नांदेडच्या भावाला फोन लावला आणि अंगणाच्या कडेला जाऊन मोठ्यानं म्हणाले, की आई ठीक आहे, डोकं एकदम शाबूत आहे, ती इथंच राहती.

"ह्येबी मला इचारलं न्हाई," आजी बाजेवरून म्हणाली.

काका फोन कानाला तसाच धरून वळले. मग त्यांनी तो खाली घेतला, बाजेजवळ आले आणि आईच्या पायाशी बसले. "मग सांग," ते म्हणाले. "जायचं का राहायचं?" पाच दिवसांत तिला विचारलेला तो पहिलाच खरा प्रश्न असावा.

आजीनं तांब्या काकूंच्या दिशेनं पुढं केला. काकूंनी तो घासला, विसळला आणि रांजणातलं पाणी भरून आणून दिला. आजी वरून धार धरून प्यायली, मधे श्वास घेऊन पुन्हा प्यायली, तांब्या रिकामा होईपर्यंत. आम्ही सगळ्या उभ्या राहून बघत होतो. मग तिनं तोंड पुसलं.

"राहते हितंच," ती म्हणाली. "आन् पुढच्या सप्त्याला हा तांब्या मागायला यायचं न्हाई."

मी माडीवर येऊन लांब यादी उघडली, आजीच्या तांब्याची ओळ शोधली आणि ती तेवढी काढून टाकली.